नरोलीचा समुद्र

आमच्या रमाकांत सरांना नरोलीच्या ओढ्यात समुद्र सापडला. साधासुधा नाही, दीड कोटी वर्षांपूर्वीचा. सिल्वासात येऊन माणसाला बरंच काही सापडतं. नोकरी सापडते, भाड्याची खोली सापडते, स्वस्तातली बाटली सापडते. समुद्र सापडलेले सर पहिलेच.

मी सुजाता. सिल्वासातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. माहेर नाशिकचं, नवरा इथं कंपनीत, म्हणून मी इथं. रमाकांत सर आमचे विभागप्रमुख. ते मूळचे पुण्याचे आहेत आणि ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला विसरू दिलेली नाही. निवृत्ती तोंडावर आली होती आणि सरांच्या नावावर अजून एकही धड शोध नव्हता. सत्काराच्या शालींनी घरातलं एक कपाट भरलंय म्हणतात, पण शाली पांघरून विज्ञान होत नाही. हे त्यांनाही मनातून माहीत असावं, म्हणून घाई होती.

विषय डायटमचा. ही पाण्यातली एकपेशीय शेवाळं. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण ओढ्यातल्या दगडावर बोट फिरवल्यावर जो तपकिरी बुळबुळीतपणा लागतो, त्यात यांचाच भरणा असतो. प्रत्येक पेशीभोवती काचेची डबी असते, झाकणासकट, आणि त्या डबीवर अशी नक्षी की एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की चहा गार होतो. पेशी मरते, डबी उरते, लाखो वर्षं उरते. आपल्या श्वासातल्या प्राणवायूचा मोठा वाटा या न दिसणाऱ्या लोकांनी दिलेला असतो, आणि त्यांनी त्याबद्दल कधी शाल मागितलेली नाही. शिवाय कोणी कुठं राहायचं हे त्यांच्यात पक्कं ठरलेलं. स्वच्छ वाहत्या पाण्यातले वेगळे, साचलेल्या घाणीतले वेगळे, खाऱ्या पाण्यातले तर अगदीच वेगळे. त्यामुळे पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर ती त्या दिवसापुरतं खरं बोलते. दगडावरचे डायटम मागच्या कित्येक दिवसांचं सगळं सांगून टाकतात.

जुई त्यांच्यावरच पीएच.डी. करत होती. सरांच्या हाताखाली, कारण आमच्याकडे मार्गदर्शक म्हणून सही करायचा अधिकार त्यांनाच. पोरगी नरोलीला राहणारी, आईवडील शिरपूरकडून कामासाठी आलेले. दातांचा ब्रश घेऊन ती वर्षानुवर्षं ओढे-नद्यांतले दगड घासत हिंडली. खानवेलच्या जंगलातलं पाणी, अथालच्या पुलाखालची दमणगंगा आणि घरामागचा नरोलीचा ओढा. खानवेलच्या एका दगडावर जेवढ्या जाती, तेवढ्या आमच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. अथालला निम्म्याच. नरोलीला घाणीत तग धरणारे दोन-तीन चिवट प्रकार, बाकी सामसूम. एवढंच तिला लिहायचं होतं. हे लिहायला धाडस लागतं, कारण नरोलीच्या ओढ्याकाठी कंपन्या आहेत आणि कंपन्यांचे साहेब आमच्या स्नेहसंमेलनाचे पाहुणे असतात.

एक दिवस ती माझ्याकडे स्लाइड घेऊन आली. "मॅडम, ही इथली नाहीत."

मी पाहिलं. आमच्या ओढ्यांतले डायटम बहुतेक लांबट, होडीसारखे. यात गोल चकत्या होत्या, मोठ्या, जाळीदार, काही फुटलेल्या. समुद्रातल्या जाती. त्याही आजच्या नाहीत, दीड कोटी वर्षांपूर्वीच्या, केव्हाच नामशेष झालेल्या.

"कुठून घासलंस?"

"नरोली. कंपनीच्या भिंतीमागून ओढा वळतो तिथून," ती म्हणाली आणि खाली पाहायला लागली. त्या खाली पाहण्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं, पण तेवढ्यात सर आत आले. काय आहे, बघू, म्हणून त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं आणि डोळा लावला. मग बराच वेळ ते उठलेच नाहीत.

उठले तेव्हा त्यांचा चेहरा पुरस्कार स्वीकारायला निघालेल्या माणसाचा होता. "सुजाताबाई," ते म्हणाले, "इथं समुद्र होता."

आता जरा समजून घ्या. सिल्वासाच्या जमिनीखाली काळा पाषाण आहे, ज्वालामुखीतून आलेला. त्यावर माती, मातीवर कंपन्या. मध्ये समुद्राला शिरायला जागा कुठं? समुद्र होता तर त्याचे थर हवेत, शिंपले हवेत, काहीतरी हवं. सर लगेच ओढ्यावर गेले आणि थर घेऊनच आले. होता ना थर! ओढ्याच्या काठाला पांढुरका, हातभर जाडीचा, ओला असला की आंबूस वास मारणारा. त्यातली चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली घाला की चकत्याच चकत्या. सरांनी त्या थराचा फोटो काढला, शेजारी मोजपट्टी धरून. त्या फोटोत थराच्या खाली गुटख्याची पुडी दिसते. दीड कोटी वर्षांच्या थराखाली, अगदी स्पष्ट, लाल रंगाची.

"सर, ही पुडी," मी म्हटलं.

"सरकली असेल वरून," सर म्हणाले. पुडी बिचारी हातभर दगडी थरातून सरकत खाली गेली.

मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, सर, जगात अशा प्राचीन डायटमच्या खाणी आहेत. तिथली माती खणतात, भाजतात, दळतात, पोत्यांत भरून विकतात. काचेच्या त्या जाळीतून द्रव छान गाळला जातो, म्हणून साखरेचे पाक, तेलं, औषधं गाळायला कंपन्या तीच पावडर वापरतात. गाळून झालं की चिखल उरतो, त्याला केक म्हणतात. तुमच्या थराच्या बाजूच्या भिंतीपलीकडे ग्लुकोज बनवणारी कंपनी आहे. वासही ग्लुकोज आंबल्याचाच येतोय. यापुढे मी काय सांगू?

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, पटलं. मग त्यांनी तो पुसून पुन्हा लावला.

"चकत्या खऱ्या आहेत ना?"

"खऱ्या आहेत."

"समुद्रातल्याच आहेत?"

"आहेत."

"प्राचीन?"

"हो, पण..."

"मग माझं काय चुकलं?" सर म्हणाले. "नरोलीत प्राचीन सागरी डायटम सापडले, हे विधान शंभर टक्के सत्य आहे."

चुकलेला माणूस सुधारता येतो. आपण चुकलोय हे कळूनही ज्याला झोप लागते त्याचं काय करायचं? जिवंत डायटम सरांनी कधी पाहिलेलाच नव्हता. आमच्याकडे नमुना आणला की तो आम्लात उकळतात, आतलं जिवंत सगळं जळून जातं आणि स्वच्छ डब्या उरतात. मग काल मेलेला आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, दोघं शेजारी सारखेच चमकतात. सरांनी आयुष्यभर फक्त उकळलेलंच पाहिलं. दगडावरून नुकताच घासलेला, सोनेरी पोटाचा, हळूच सरकणारा डायटम त्यांनी बघितला असता तर या चकत्यांतली एकही कधी इथं जगलेली नाही, हे त्यांना लगेच कळलं असतं. जुईला ते कळलं होतं. म्हणून तर ती "इथली नाहीत" म्हणाली.

बातमी पसरली. ग्लुकोज कंपनीचे मॅनेजर भावेशभाई कॉलेजात धावत आले तेव्हा घामाने भिजले होते. त्यांना वाटलं, कोणीतरी केक पकडला. सरांच्या केबिनमध्ये त्यांनी "जीवाश्म" हा शब्द ऐकला. तो काय असतो ते विचारून घेतलं, आणि बाहेर आले तेव्हा माणूस बदलला होता. पेढे त्यांनीच मागवले. त्यांचा ढिगारा आता राष्ट्राची ठेव झाला होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, कुणी उचलायचा नाही, कुणी नमुना तपासायचा नाही. कंपनीने लगेच तारेचं कुंपण घातलं, हिरवळ लावली, "सागरी जीवाश्म उद्यान" असा फलक रंगवला. उद्घाटनाला एक बडे अधिकारी यायचं ठरलं. ओढा घाण केल्याबद्दल ओढ्याकाठी स्वतःचा सत्कार करून घेणारी कंपनी मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि सरांनी जुईला बोलावून सांगितलं, प्रबंधातलं नरोलीचं प्रकरण काढून टाक. मेलेल्या ओढ्याचं रडगाणं कशाला? त्याऐवजी नरोलीचा समुद्र घाल. शोधनिबंधात माझ्या नावाखाली तुझं नाव येईल. उद्घाटनाला व्यासपीठावर बस, पाहुण्यांना सूक्ष्मदर्शकातून समुद्र दाखव, दोन वाक्यं बोल. नाही म्हणालीस तर दुसरा मार्गदर्शक शोध. दुसरा मार्गदर्शक आमच्याकडे नाही, हे त्यांना माहीत होतं.

जुई हो म्हणाली.

मला असा संताप आला की काय सांगू. वर्षानुवर्षं ब्रश घेऊन पाण्यात उभं राहायचं आणि शेवटी यासाठी मान डोलवायची? ती कॉलेजात मला टाळायला लागली, तेव्हा मी रविवारी थेट नरोलीला तिच्या घरी गेले. कामगारांच्या खोल्यांची लांब ओळ, प्रत्येक दारात चपलांचा ढीग, कुठं भोजपुरी गाणी, कुठं गुजराती मालिका. तिची आई मंजुळाबाई बाहेरच्या नळावर भांडी घासत होती. पितळी तांब्या असा लखलखत होता की माझं तोंड दिसलं. मी सहज म्हटलं, कशानं घासता हो? तिनं डबा पुढं केला. पांढरी, मऊ पावडर.

"मन्हा मालक कंपनीतून आणतस. फुटेल पोतं राहतं ना, त्याच्यातली," ती शिरपूरकडच्या बोलीत म्हणाली. "लई भारी शे. तुमाले देऊ का बांधीसन?"

मी ती पावडर बोटांत चोळली. तेवढ्यात जुई दारात आली. माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं.

"सूक्ष्मदर्शक लागणार नाही, मॅडम," ती म्हणाली. "मी कधीच पाहिलंय."

मला तिनं आत नेलं, दार लोटलं. मी बोलायच्या आत तीच बोलली. "तुम्ही सरांना सांगितलं ते सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काय करू हे विचारायलाच स्लाइड घेऊन तुमच्याकडे आले होते, पण सर आत आले. ही पावडर मी लहानपणापासून बघतेय. पण तो केक ओढ्यात नेऊन टाकणारा ट्रॅक्टर माझे पप्पा चालवतात."

मी खाली बसले.

"मी खरं लिहिलं तर कंपनी काय म्हणेल? आम्ही सांगितलंच नव्हतं, ड्रायव्हरनं स्वतःच्या मनानं टाकलं, असं म्हणेल. पप्पांचं काम जाईल. या वयात त्यांना दुसरीकडं कोण घेणार? आणि पोलीस आले तर ते भावेशभाईंना नेणार नाहीत, मॅडम. तुम्हाला माहीत आहे ते."

मला माहीत होतं. तिच्यावरचा माझा राग तिथंच विरला, पण तो गेला कुठं नाही. उठून सरांकडं आणि भावेशभाईंकडं गेला आणि तिथं दुप्पट झाला.

"तुम्ही चारचौघांत काही बोलणार नाही ना?" तिनं विचारलं. मी शब्द दिला. आयुष्यात इतका कडू शब्द मी कुणाला दिला नव्हता.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. ओढ्याकाठी मांडव, झालर, सनई. शेतातून येणारा एकच कच्चा रस्ता, एका गाडीपुरता, तो थेट मांडवापाशी येऊन संपायचा. एका अंगाला शेताचा उंच बांध आणि तारेचं कुंपण, दुसऱ्या अंगाला ओढा. पाहुण्यांच्या चकचकीत गाड्या एकामागे एक आत येऊन उभ्या होत्या. आंबूस वास लपवायला कंपनीनं ठिकठिकाणी उदबत्त्या लावल्या होत्या. आता तिथं देवळाचाही वास येत होता आणि आंबलेल्या ग्लुकोजचाही, आणि पाहुणे नाकाला रुमाल लावून "वा वा" म्हणत होते. व्यासपीठावर ते मोठे अधिकारी, भावेशभाई, सर आणि कडेला टेबलावर दोन सूक्ष्मदर्शक मांडून बसलेली जुई. मी पहिल्या रांगेत, ओठ घट्ट मिटून.

सर बोलायला उठले. "या भूमीनं दीड कोटी वर्षं एक रहस्य पोटात जपलं," त्यांनी सुरुवात केली. लाटा आल्या, देवमासे आले. देवमासे कुठून आले मला कळलं नाही, पण टाळ्या पडल्या. "आज इथं एक कणही नव्यानं पडत नाही," सर म्हणाले, "हे सारं अतिप्राचीन, अस्पर्श..."

तेवढ्यात ट्रॅक्टरचा आवाज आला.

आधी सगळ्यांना वाटलं, शेतातला असेल. मग तो कच्च्या रस्त्यावरून येताना दिसला, मागे काठोकाठ भरलेली ट्रॉली, ट्रॉलीतून पांढुरकं पाणी ठिबकतंय. तो शेवटच्या गाडीच्या मागे येऊन थांबला. चालवणारा खाली उतरला. मध्यम उंचीचा, कपाळावर रुमाल बांधलेला माणूस. मांडव बघून तो गोंधळला होता.

आता यात नवल काय? उद्घाटनाचं आमंत्रण सिल्वासातल्या सगळ्या मोठ्या माणसांना गेलं होतं. आज केक आणू नकोस, एवढं मात्र ट्रॅक्टरवाल्याला कुणी सांगितलं नाही. सांगणार कसं? सगळ्यांच्या मते कंपनी ओढ्यात काही टाकतच नव्हती. जी गोष्ट होतच नाही ती बंद ठेवायचा हुकूम कोण काढणार? आणि जुईनं घरी कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं होतं, कुठं ते लाजेनं सांगितलं नव्हतं.

समाधान, म्हणजे जुईचे वडील, गाड्यांच्या कडेकडेनं पुढं आले, रुमाल काढून हातात घेतला आणि सरळ व्यासपीठाकडं बघून मोठ्यानं विचारलं, "भावेशभाई, आज माल कुठं खाली करू? इथं तं मांडव टाकेल आहे."

सनईवाल्यानंसुद्धा श्वास रोखला. मोठे अधिकारी हिंदीभाषक होते, पण एवढं त्यांना कळलं. "ये कौन है?" त्यांनी विचारलं.

भावेशभाई उभे राहिले. त्यांचा चेहरा पेढे मागवण्यापूर्वी होता तसा झाला होता. "साहेब, हा आपला माणूस नथी. मी तर याला ओळखत पण नाय. बाहेरचे लोक येऊन कचरा फेकी जाय छे, अमे तो किती वेळा तक्रार केली. पोलिसांना बोलवा. आत्ताच बोलवा."

इतकी वर्षं ज्याच्या हुकमानं ट्रॅक्टर चालवला तो माणूस पाच-सहा हातांवरून म्हणत होता, ओळखत नाही. समाधाननी एकदा मागं वळून ट्रॉलीकडं पाहिलं. आपणच तर चुकीच्या जागी आलो नाही ना, असं त्यांना वाटलं असावं. आणि मग त्यांना टेबलामागं बसलेली जुई दिसली.

मी जुईकडं पाहत होते. जे काम वाचवण्यासाठी ती गप्प बसली होती ते गेलंच होतं, आणि वर बापाला चोर ठरवून पोलिसांच्या हाती द्यायची तयारी झाली होती. तिचं गप्प बसणं आता फक्त भावेशभाईंच्या कामाचं होतं. ती उठली. सरांच्या समोरचा माइक तिनं उचलून घेतला. सर "अगं, अगं" म्हणाले.

"हे समाधान," जुई म्हणाली, "कंपनीत ट्रॅक्टर चालवतात. माझे वडील आहेत."

शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले. मग ती माइक ठेवून खाली उतरली, ट्रॉलीपाशी गेली आणि नखभर केक काढून आणला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाटलीतल्या पाण्याचा थेंब घेऊन तिनं स्लाइड तयार केली आणि दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"साहेब, या," ती अधिकाऱ्यांना हिंदीत म्हणाली. "यात सरांचा समुद्र आहे, दीड कोटी वर्षांपूर्वीचा. आणि यात आत्ता आलेला."

अधिकारी उठले. त्यांनी पहिल्याला डोळा लावला, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला. "दोनों सेम हैं," ते म्हणाले.

आणि इथं आमच्या सरांनी कमाल केली. "तेच म्हणतोय मी!" ते उत्साहानं पुढं आले. "समान प्रजाती! माझ्या सिद्धान्ताला ही पुष्टीच आहे!"

अधिकाऱ्यांनी ट्रॅक्टरकडं बोट दाखवलं. "तो ये ट्रॅक्टर समुंदर से आया है क्या?" त्यांनी विचारलं.

मी हसले. मोठ्यानं हसले. मी शब्द दिला होता न बोलण्याचा, न हसण्याचा नव्हे.

ट्रॉलीच्या बाजूवर कंपनीचं नाव रंगवलेलं होतं, फलकावरच्यापेक्षाही मोठ्या अक्षरांत. एक पत्रकार त्याचा फोटो काढत होता. भावेशभाईंना ते दिसलं. "ट्रॉली आमची असेल," ते म्हणाले, "पण माणूस आमचा नाय. नव्हताच."

समाधान शांतपणे टेबलापाशी आले. खिशातून ट्रॅक्टरची चावी काढून दोन्ही सूक्ष्मदर्शकांच्या मध्ये ठेवली. "मंग ही तुमची चावी," ते म्हणाले. "बाहेरच्या माणसानं कंपनीच्या वस्तूला हात लावणं बरं नाही." आणि जुईच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

कार्यक्रम तिथंच मोडला. अधिकारी निघाले, त्यांच्यामागं सगळे निघाले आणि गाड्यांपाशी जाऊन थबकले. रस्ता एका गाडीपुरता, आणि त्याच्या तोंडाशी भरलेला ट्रॅक्टर. एका बाजूला बांध आणि कंपनीनंच हौसेनं घातलेलं काटेरी कुंपण. गाड्यांना हॉर्न होते, पण हॉर्ननं ट्रॅक्टर हलत नाही. एका ड्रायव्हरनं टेबलावरची चावी आणून चढून पाहिलं, पण ट्रॅक्टर जुना, चालू करायची त्याची काहीतरी वेगळीच रीत, तो नुसताच खोकून बंद पडला. अधिकारी घड्याळ बघायला लागले. भावेशभाईंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, त्याच्याकडून चावी घेऊन लगबगीनं आले आणि गयावया करत म्हणाले, "समाधानभाई, जरा बाजूला घे ने. साहेब खोळंबलेत."

समाधान त्यांच्याकडं वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्यच होतं.

"भावेशभाई," ते म्हणाले, "माझं नाव तुम्हाले कसं ठाऊक?"

एवढं सगळ्यांनी ऐकलं. भावेशभाई चावी तशीच मुठीत धरून मागं फिरले.

मग पाहुणे चालत निघाले. ओढ्याच्या काठाकाठानं, कारण गाड्या हलत नव्हत्या. पॉलिश केलेले बूट त्या पांढऱ्या थरात घोट्यापर्यंत रुतत होते आणि प्रत्येक पावलाला पचपच आवाज येत होता. मोठे अधिकारी पुढं, पँट वर धरून. त्यांच्यामागं आमचे सर, गळ्यातला हार सावरत. दीड कोटी वर्षांच्या त्या समुद्रातून त्यांना कुणी तरी हात धरून नेईल म्हणून त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी नाही हलले. तेव्हा त्यांची नजर जुईवर गेली.

"जुई," ते चिखलातूनच ओरडले, "हे औद्योगिक प्रदूषणाचं आपण वेगळं लिहू! विषय चांगला आहे! माझ्या नावाखाली..." आणि त्यांचा एक बूट आत राहिला.

आम्ही तिघं गाड्यांमधून वाट काढून, ट्रॅक्टरला वळसा घालून रस्त्यानं निघालो. बांधालगत एका माणसापुरती जागा होती, आम्ही तिथून अंग चोरून गेलो. पाहुण्यांनाही जाता आलं असतं, पण त्या जागी झब्बे-सूट मळले असते आणि चिखल बुटांपुरताच राहील असं त्यांना वाटलं. काही अंतर गेल्यावर जुई थांबली आणि रडायला लागली. इतका वेळ ती रडली नव्हती. "पप्पा, तुमचं काम गेलं," ती म्हणाली. "माझ्यामुळं."

समाधाननी हातातल्या रुमालानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग रुमाल तिला दिला. पुढं काय खायचं याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती, ती त्यांनी लपवली नाही.

"मन्हं गेलं," ते म्हणाले. "तुनं तं राहिलं ना?" मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मॅडम आहेत, त्यांना माहीत असेल अशा भरवशानं.

मला माहीत नव्हतं. त्या प्रबंधावर सही व्हायची होती, आणि ती करणारा हात आत्ता ओढ्याच्या चिखलात बूट शोधत होता. "राहिलं," मी म्हटलं, आणि ती सही सरांच्या मानगुटीवर बसून करून घ्यायची, नरोलीच्या प्रकरणासकट, हे तिथंच रस्त्यावर ठरवून टाकलं.